जळकं कार्ड

“आधी हात पुसा सर,” ती म्हणाली, “मग उलगडा.”

मी पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाचा प्रमुख, माझ्याच प्रयोगशाळेत माझ्याच खुर्चीत बसलेलो, आणि ही पस्तिशीची अनोळखी बाई मला हात पुसायला सांगत होती. मी मुकाट्यानं पुसले. शिक्षिका असणार, हे तेवढ्यावरच ओळखलं. टेबलावर तिनं टॉवेलची घडी ठेवली होती, तान्ह्या बाळाला गुंडाळतात तशी. आतून सर्किटचं एक हिरवं कार्ड निघालं.

“हे काय आहे?” तिनं विचारलं.

“कार्ड आहे.”

“ते मलापण दिसतंय की ओ सर. कशाचं?”

मी चष्मा वर केला आणि कार्ड खिडकीच्या उजेडात धरलं. दोन तळहात लांब. एका कडेला संगणकात खोचायच्या सोनेरी पट्ट्या, दुसऱ्या कडेला सदतीस भोकांचा रुंद सॉकेट. मधे एकसारख्या सोळा छोट्या चिपा ओळीनं बसवलेल्या, आणि त्यांच्यावर एक मोठी. त्या मोठ्या चिपेचं नाव घासून काढलेलं. आपला माल कुणी नकलू नये म्हणून त्या काळच्या कंपन्या असं करत. बनवणाऱ्याचं नाव कुठंच नव्हतं. खालच्या कोपऱ्यात, सोनेरी पट्ट्यांवरच, रुपयाएवढा काळपट तपकिरी डाग होता.

तो डाग कुठंतरी पाहिल्यासारखा वाटला. असले डाग आपण रोजच बघतो, अशी मी स्वतःची समजूत घातली.

ही गोष्ट २०११ च्या सप्टेंबरातली. त्या बाईंचं नाव पद्मा वडनाल, साखर पेठेतल्या शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवायच्या. कार्ड आलं होतं त्यांच्या वडिलांच्या घरातल्या एका जुन्या परदेशी संगणकातून. घरच्या टेबलावर असतो तसला साधा संगणक नव्हे, डिझाइनच्या कामासाठी बनवलेलं भारी वर्कस्टेशन. ते एका विणकराच्या घरी कसं आलं, ते पद्माताईंनीच सांगितलं.

त्यांचे वडील राजेशम वडनाल हे जयप्रभा विणकर सोसायटीचे डिझाइन मास्तर. चादरीवरचं फूल, पान, मोर आधी चौकटीच्या कागदावर काढायचं, एक चौकट म्हणजे एक धागा. मग त्या चौकटींप्रमाणे पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, पुठ्ठ्यांची माळ मागावर चढवायची, आणि भोकांच्या हिशेबानं धागे वर उचलले जाऊन चादरीवर फूल उतरतं. एक मोठं डिझाइन कागदावर काढायला महिना लागायचा. १९९३ साली सोसायटीनं हे वर्कस्टेशन आणलं. चार पदवीधर पोरं शिकायला बसवली, चौघंही पळाली. पंचावन्न वर्षांचे, सातवी शिकलेले राजेशम मास्तर तीन महिन्यांत शिकले.

“इंग्रजी येत नव्हतं नानांना,” पद्माताई म्हणाल्या. “बटणावरचं अक्षर वाचायचे नाहीत, जागा लक्षात ठेवायचे. तेलुगूत पुटपुटत पुटपुटत चालवायचे.”

“मग?”

“सत्त्याण्णव साली दसऱ्यानंतर बंद पडलं. कॉलेजचे कोणतरी साहेब येऊन बघून गेले. कार्ड जळलंय, चालवणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळं, असं लिहून दिलं त्यांनी. झालं. नानांना डिझाइन रूममधून काढून टॉवेलच्या घड्या घालायला बसवलं. निवृत्त होईपर्यंत घड्याच घातल्या. अजून पेठेत ‘मशीन जाळलेला राजेशम’ म्हणतात त्यांना.”

सोसायटीनं भंगार काढलं तेव्हा मास्तरांनी ते मशीन हातगाडीवर घालून घरी आणलं होतं. त्यावर चादर टाकली, चादरीवर टीव्ही ठेवला. मशीनविषयी मात्र एक शब्द काढायचे नाहीत. पद्माताईंनी विचारलं की भिंतीकडं तोंड करून बसायचे.

“आणि आज चौदा वर्षांनी तुम्हाला हे कार्ड का आठवलं?”

“येत्या रविवारी सोसायटीला पन्नास वर्षं होतायत सर. जुन्या मास्तरांचा सत्कार आहे. चौघांची नावं आहेत, नानांचं नाही. मी मॅनेजरना भेटले, तर त्यांनी तोच जुना कागद काढून दाखवला. म्हणाले, जळलं नव्हतं असा पुरावा आणा, नाव घालतो.”

“आणि जळलेलंच असलं तर?”

त्या टॉवेलची घडी नीट करत म्हणाल्या, “तर आहे ते आहे. पण एकदा खरं काय ते कळू दे. चौदा वर्षं नाना नुसते स्वतःच्या हातांकडं बघत बसतात सर. ते माझ्यानं बघवत नाही.”

मी कार्ड ठेवून घेतलं. शनिवारपर्यंत सांगतो म्हणालो. त्या गेल्यावर माझा चहा गार होईपर्यंत मी त्या डागाकडं बघत बसलो.

पुढचे तीन दिवस मी त्या कार्डाच्या मागं हात धुऊन लागलो. प्रत्येक छोट्या चिपेवरचा नंबर उतरवून जुन्या पुस्तकांत शोधला. पडद्याची वायर लावायची जागा कार्डावर नव्हती, म्हणजे ते चित्र दाखवायचं कार्ड नव्हतं. आवाजाचंही नव्हतं. त्या सोळा चिपा आतला सिग्नल बाहेर सुरक्षित पोचवायच्या जातीच्या निघाल्या, म्हणजे ते बाहेरच्या कशाला तरी हुकूम सोडत असणार. कशाला, ते काही कळेना. इंटरनेटवर जुने संगणक जमवणाऱ्या हौशी लोकांचा एक गट होता, तिथं मी फोटो टाकले. दोन दिवसांत पाच उत्तरं आली आणि पाचही वेगळी. एक जर्मन म्हणाला मेमरी, कॅनडातला एक म्हणाला टेलिफोन एक्स्चेंज. एकानं तर ‘काय आहे ते माहीत नाही, पण विकता का?’ असं विचारलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग!

गुरुवारी संध्याकाळी मी कार्ड घरी नेलं आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवलं, कारण आमच्या घरातला सगळ्यात चांगला दिवा तिथं आहे. कापसाला स्पिरिट लावून मी त्या डागाच्या कडेवरून हलकेच फिरवलं. जळलेला भाग पुसून जात नाही. तो कार्डाच्या आतपर्यंत गेलेला असतो. पण कापूस पिवळा झाला.

माझी बायको नलिनी कणीक मळत होती. तिनं तिरक्या नजरेनं पाहिलं. “अहो, हळद कुठं सांडलीत?”

“हळद नाही. कार्डाचा डाग आहे.”

“कार्डाचा असो नाहीतर नवरदेवाचा, पिवळा हळदीचाच आहे. साबण लावून बघा, लाल होतो का. वीस वर्षं तुमचे शर्ट धुतलेत मी.”

मी कापसावर साबणाचं पाणी टाकलं. कापूस भडक लाल झाला.

मी स्टुलावर बसलो. हळद-कुंकू. ओलं करून लावलेलं, मशीनच्या उष्णतेनं आणि तांब्याच्या संगतीनं काळं पडलेलं. कार्ड जळलेलं नव्हतंच. सोनेरी पट्ट्यांवर हळद-कुंकवाचा थर बसल्यामुळं ते मशीनला नीट चिकटत नव्हतं, एवढंच. मी शाळकरी खोडरबर घेऊन पट्ट्या घासल्या. पाच मिनिटांत लखलखल्या.

“मग तोंड का असं पडलंय?” नलिनीनं विचारलं. “सापडलं ना तुमचं?”

“नलू, ते कॉलेजचे साहेब म्हणजे मीच.”

तिला सांगितलं तेच इथं सांगतो. सत्त्याण्णव साली मी चौतीस वर्षांचा होतो आणि बंगळूरला सहा आठवड्यांचं ट्रेनिंग करून आलो होतो, त्यामुळं स्वर्ग दोन बोटं उरला होता. सोसायटीनं जीप पाठवली. डिझाइन रूममध्ये सात-आठ माणसं माझ्याभोवती उभी राहिली, चहा आला, बिस्किटं आली. मी मशीन उघडलं आणि आत हे कार्ड. जन्मात पाहिलं नव्हतं. ते आत असलं की मशीन सुरूच होईना. काढलं की मशीन सुरू व्हायचं, पण डिझाइनचा प्रोग्रॅम उघडेना. डाग दिसला. एवढ्या लोकांसमोर, त्यांचा चहा पिऊन, ‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडेनात. त्यापेक्षा ‘जळलंय’ म्हणणं सोपं होतं. जळलं म्हटल्यावर जाळणारा कोणीतरी हवा, म्हणून निष्काळजीपणाही लिहिला. तो डाग पुसून बघायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. महिन्याभरात मी सगळं विसरलो, आणि खरं सांगतो, मजेत विसरलो.

नलिनीनं कणकेचा गोळा झाकून ठेवला. “मग जाऊन सांगा.”

“इतकं सोपं नाही ते.”

“सोपं आहे असं कुठं म्हणाले मी? सांगा म्हणाले.”

शनिवारी सकाळी मी कार्ड घेऊन पद्माताईंच्या घरी गेलो. दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात ते मशीन. टीव्ही खाली उतरवून ठेवला होता. राजेशम मास्तर लुंगी-बनियनमध्ये खाटेवर बसले होते, त्र्याहत्तर वर्षांचे, कृश, डोळे मात्र सुईत दोरा ओवणाऱ्याचे. त्यांनी मला ओळखलं नाही. मी तेव्हा सडसडीत होतो आणि डोक्यावर केस होते.

“उघडू नका ओ साहेब,” ते म्हणाले. “एकदा जळलंय माझ्या हातनं. परत कशाला?”

“मास्तर, हे जळलं नव्हतं.” मी खिशातून तो लाल कापूस काढून त्यांच्या हातावर ठेवला. “यावर हळद-कुंकू होतं.”

त्यांनी कापूस नाकाशी नेला. “असणारच की. मीच लावलो होतो. खंडेनवमीला. मागाला लावतो, धोट्याला लावतो, कात्रीला लावतो. याला वरच्या डब्याला लावून काय उपयोग? पूजा कुणाची झाली मग? डब्याची. म्हणून डब्याचा पत्रा खोलून, आतलं हे कार्ड उपसून त्याला लावलो. जिथं काम चालतंय तिथं.”

पद्माताईंनी कपाळाला हात लावला. “नाना! हे तुम्ही कधी सांगितलं नाही.”

“कोण विचारलं?”

मी कार्ड मशीनमध्ये खोचलं आणि बटण दाबलं. पंखा घरघरला, डिस्क एकदा लांब कण्हली आणि फिरायला लागली. पडदा बराच वेळ काळा राहिला. पद्माताईंचा पदर दातात. मग पांढरी अक्षरं उमटायला लागली. आतल्या घड्याळाची बॅटरी कधीच मेली होती, त्यामुळं मशीनच्या मते ते १९७० साल होतं. मास्तरांना मात्र सालाशी काही देणंघेणं नव्हतं. ते खाटेवरून उठले, मला कोपरानं बाजूला सारून खुर्चीवर बसले आणि बोटं ठेवली. पुटपुटणं सुरू झालं. चार-पाच बटणं, मग एक, मग दोन. पडद्यावर डिझाइनचा प्रोग्रॅम उघडला, आणि त्यात चौकटी-चौकटींनी भरलेली एक चादर. डाळिंबाची झाडं होती, फळं उकललेली, दाणा न् दाणा वेगळा. बंद पडलं त्या दिवशी अर्धवट राहिलेली. एका कोपऱ्यात फांद्या होत्या पण पानं नव्हती.

“हे डिझाइन मागावर चढलं असतं,” ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. मग एकदम खुर्ची फिरवून त्यांनी मला विचारलं, “म्हणजे नुसतं खोडरबराचं काम होतं?”

“हो.”

“म्हणजे बंद मीच पाडलो.”

“बंद तुमच्या हळदीनं पडलं.”

“मग त्या साहेबाला एक खोडरबर सुचू नये? एवढा शिकलेला माणूस?”

आता पुढं ढकलण्यात अर्थ नव्हता. “मास्तर, तो साहेब मीच आहे,” मी म्हणालो. “मला ते कार्ड ओळखता आलं नव्हतं. ते कबूल करायची लाज वाटली, म्हणून जळलं असं लिहिलं. तुमचं नाव विनाकारण खराब केलं. मी त्याची माफी मागायला आलोय.”

पद्माताई ताडकन उभ्या राहिल्या. मास्तरांनी हात करून त्यांना थांबवलं. ते माझ्याकडं खालून वर बघत राहिले, शेवटी नजर टकलावर थांबली.

“केस होते तेव्हा,” ते म्हणाले.

“होते.”

“मी दाराशी उभा होतो. पूर्ण वेळ. मनात म्हणत होतो, साहेब विचारतील. कसं चालतं, कोणती वायर कुठं जाते, काल काय केलास. विचारतील, मग सांगू. तुम्ही बिस्किट खाल्लात, कागदावर लिहिलात आणि गेलात. माझ्याकडं बघितलातसुद्धा नाही.”

ते खरं होतं. दाराशी कुणी उभं होतं हेच मला आठवत नव्हतं, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं.

“पद्मा, कागद दे,” मास्तर म्हणाले. “लिहा साहेब. मराठीत.”

मी खाटेच्या कडेवर बसून लिहिलं. सवयीप्रमाणं कार्यालयीन भाषा उतरली. मास्तरांनी भिंग घेऊन एकेक ओळ वाचली आणि एका जागी बोट ठेवलं.

“‘तपासणीत त्रुटी राहिली.’ कुणाकडून राहिली?”

“माझ्याकडून.”

“मग तसं लिहा. आणि हळदीचं पण लिहा, माझ्या हातनं लागली म्हणून. आपलं झाकून तुमचं कशाला उघडं टाकू?”

दोन्ही लिहिलं. त्यांनी कागद घडी करून मलाच परत दिला. “हे उद्या तुम्ही वाचायचं. मॅनेजर नाही, पद्मा नाही. तुम्ही.”

रविवारी सोसायटीच्या आवारात मांडव होता, चार-पाचशे माणसं. मॅनेजरनं आधी कागद वाचला आणि म्हणाला, “सर, हे एवढं उघड कशाला? मी नाव घालतो की यादीत.” मी म्हणालो, नाव घाला आणि मला माइक पण द्या. हळदीचा भाग आला तेव्हा मांडवात हशा पिकला, माझा भाग आला तेव्हा सगळे गप्प झाले. तिसऱ्या रांगेतली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, “बघा, मी म्हणत नव्हते? राजेशम जाळणारा माणूस नाहीच.” त्यावर माना डोलल्या. जणू पेठेतलं कुणीच कधी काही म्हणालं नव्हतं! पाचव्या नावाला मास्तर स्टेजवर गेले. शाल घेतली, नारळ घेतला, आणि बोला म्हटल्यावर माइकवर एवढंच बोलले, “डाळिंबाची चादर अर्धी राहिलीय. पुरी करतो.” टाळ्या किती वेळ वाजत होत्या. पद्माताई रडत रडत हसत होत्या. मी बुंदीचा द्रोण घेऊन मांडवाच्या कडेला उभा राहिलो. घरी सटकावं असं मनात होतं, पण इतकं हलकं मला कैक वर्षांत वाटलं नव्हतं, म्हणून रेंगाळलो.

मास्तर शाल सांभाळत माझ्यापाशी आले. “साहेब, ते कार्ड कशाचं, ते कळलं का तुम्हाला?”

मी सांगायला तोंड उघडलं आणि थांबलो. ते का बंद पडलं ते मला कळलं होतं. कसं सुरू करायचं तेही. सगळ्या जगाला फोटो पाठवून झाले होते. कालची सगळी सकाळ या माणसाशेजारी बसलो होतो, आणि तरीही विचारलं नव्हतं.

“नाही मास्तर,” मी म्हणालो. “मला माहीत नाही.”

“मग विचारा की.”

“मास्तर, ते कार्ड कशाचं आहे?”

“आम्ही तिला भोकवाली म्हणायचो,” ते म्हणाले, आणि मांडवाच्या खांबाला टेकून उभे राहिले. “पलीकडच्या खोलीत पुठ्ठ्याला भोकं पाडायचं मशीन होतं. तिकडं जाडजूड वायर जायची, त्या रुंद सॉकेटातनं. त्या सोळा बारक्या आहेत ना, एकेक चिप म्हणजे एकेक सुई. पडद्यावर मी चौकट भरली की तिकडं सुई खाली. अकरावी जरा आळशी होती, तिला एक घर आधीच सांगून ठेवावं लागायचं. आणि ती मोठी, नाव घासलेली, ती पहारेकरी. ती नसली तर प्रोग्रॅम दार उघडत नाही. कंपनीचा माणूस बसवायला आला होता, तो मला खुणेनं सांगितला होता सगळं.”

मी द्रोण खाली ठेवला, खिशातून डायरी आणि पेन काढलं.

“लिहून घ्या,” मास्तर म्हणाले. “आणि नाही कळलं तर तिथंच थांबवा. मी परत सांगतो.”

पहिल्या पाच मिनिटांत मी त्यांना दोनदा थांबवलं.